‘डर’ संपला, पण सहानुभूती कुणाला मिळाली?

यश चोप्रांच्या ‘डर’चा (१९९३) शेवट तसा सोपा आहे. हनिमूनला स्वित्झर्लंडला गेलेल्या किरण-सुनीलच्या मागोमाग राहुल तिथेही पोहोचतो, बोटीवर हाणामारी होते आणि सुनीलच्या हातून राहुल मरतो. खलनायक मेला, जोडपं सुखरूप, विषय संपला. मग सिनेमा बघून लोकांच्या डोक्यात राहुलच का राहिला?

शाहरुख खानचा अभिनय हे एक कारण झालंच. पण खरी गोम पटकथेत आहे. राहुल वारलेल्या आईशी फोनवर बोलतो, छातीवर किरणचं नाव कोरून घेतो. त्याचं एकटेपण आपण जवळून बघतो. किरणच्या वाट्याला मात्र फोन वाजला की दचकणं एवढंच येतं. त्यामुळे शेवटी ‘सुटली एकदाची’ म्हणायच्या आधी ‘बिचारा’ हा शब्द मनात येतो. खलनायकाला एवढं मोठं केलं, ही नाराजी सुनील झालेल्या सनी देओलनेही नंतर जाहीरपणे बोलून दाखवली.

दुसरी खटकणारी गोष्ट म्हणजे किरणच्या ‘नाही’ला इथे किंमतच नाही. फैसला दोन पुरुष मारामारी करून करतात. सुनील नौदलातला कमांडो, म्हणून ती वाचली. पण जिच्या घरात कमांडो नाही, तिने काय करायचं?

१९९३ मध्ये पाठलागासाठी वेगळं कलमच नव्हतं. ते आलं २०१३ मध्ये, दिल्लीतल्या निर्भया प्रकरणानंतर. आज ते भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ आहे. स्पष्ट नकारानंतरही पुरुषाने बाईचा पाठलाग करून वारंवार संपर्क साधला किंवा तसा प्रयत्न केला, तर तो गुन्हा आहे; तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणं हाही गुन्हाच. पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद. म्हणजे पाठलागाच्या बाबतीत कायदा सुरूच होतो तिच्या नकारापासून. अर्थात पहिला गुन्हा जामीनपात्र आहे. तक्रारीनंतरही तोच चेहरा कॉलेजच्या गेटवर दिसू शकतो. खऱ्या आयुष्यात क्लायमॅक्स एका रात्रीत उरकत नाही.

त्यामुळे आता ‘डर’ बघाल, तेव्हा राहुल कसा मरतो याकडे थोडं कमी लक्ष द्या. फोनवरच्या त्या आवाजाला किरण पहिल्यांदा झिडकारते तो क्षण शोधा. त्यानंतर राहुल जे जे करतो, त्यातल्या कशालाही प्रेम म्हणता येत नाही.