बैलाचा बांधा आणि चिखलातील चाल

घोड्याची परीक्षा करणारा जाणकार प्रथम त्याचा खांदा पाहतो. खांद्याचे पाते मागे कललेले असेल तर पाऊल लांब पडते. ते उभे असेल तर पाऊल आखूड पडते आणि प्रत्येक पावलाचा धक्का सांध्यांना सोसावा लागतो. घोड्याच्या शरीराचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो. सबब तेथील दोष पुढे लंगडण्याच्या रूपाने प्रकट होतो. बांधा म्हणजे केवळ शोभा नव्हे. तो हाडांच्या तरफांचा हिशेब होय. बैलाची पारख करताना मात्र पुष्कळांची दृष्टी उंची आणि शिंगे यांपाशीच अडते.

रायपूर, दुर्ग, बिलासपूर या भागांतील कोसली बैलावर यामुळे अन्याय होतो. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने स्वतंत्र जात म्हणून नोंदलेला हा बैल माणदेशी खिल्लारापुढे अगदीच ठेंगणा दिसतो. परंतु खिल्लार नावाजला तो कोरड्या वाटेवरील वेगासाठी. कोसलीचे काम निराळे. छत्तीसगडात पावसाच्या आरंभी भाताचे बी फोकून पेरतात आणि सुमारे महिन्याने, खाचरात वीतभर पाणी साचले की, उभ्या पिकातूनच हलका नांगर फिरवतात. ही बियासी होय. उगवलेले पीक नांगरले जाताना पाहून परका मनुष्य चकित झाला तर नवल नाही. पण त्यानेच रोपे विरळ होतात आणि तण चिखलात गाडले जाते.

अशा जागी वजनदार बैल खोल रुततो व अधिक रोपे तुडवतो. जू उंच गेले की ओढीची रेषा उभी होते आणि तोच नांगर वर उचलला जाऊ लागतो. लहान खाचरात वळण्यासही आखूड अंगच सोयीचे. शिवाय बैलाचा दुभंगलेला खूर चिखलात फाकतो आणि पाय उपसताना मिटतो. घोड्याच्या अखंड खुराला ही सोय नाही.

ट्रॅक्टर व तणनाशके यांनी बैलाचे पुष्कळ काम घेतले आहे, हे खरे. तथापि जेथे बैलजोडी आजही जुंपली जाते, तेथे थोराड जातींशी सरसकट संकर करून कोसलीची उंची वाढवणे ही सुधारणा म्हणता येणार नाही. चारा अधिक लागेल, आणि चिखलातले काम मात्र उणे होईल. कोसलीची परीक्षा गोठ्यासमोर न करता श्रावणात खाचराच्या बांधावरून करावी: मागचे पाय एकमेकांस घासतात काय, पाऊल सरळ पडते काय, आणि तास संपल्यावर धाप किती लागते.