दाब कशाच्या मानाने मोजावयाचा?

गळीत हंगाम आटोपून दुरुस्तीचे दिवस सुरू झाले, की साखर कारखान्यांच्या खरेदी खात्यात प्रेशर ट्रान्समिटरांची दरपत्रके येऊन पडू लागतात. आणि त्यांची तुलना करताना किंमत व अचूकता या दोनच रकान्यांवर कारकुनापासून संचालकांपर्यंत सर्वांची दृष्टी खिळते. माझ्या मते हे दोन्ही रकाने सर्वांत शेवटी वाचावयाचे आहेत. दाब कशाच्या मानाने मोजावयाचा, हे प्रथम ठरले पाहिजे, आणि कित्येक निविदांच्या मसुद्यात नेमका तोच खुलासा नसतो.

व्हॅक्यूम पॅनचेच उदाहरण घ्यावे. पॅनवर मुरलेला माणूस ‘सव्वीस इंच’ म्हणतो, तेव्हा बाहेरच्या हवेपेक्षा पाऱ्याचे २६ इंच कमी, एवढाच त्याचा अर्थ असतो. समुद्रकिनाऱ्यावर हवेचा दाब सुमारे ३० इंच, म्हणून आत उरतात ४. कोल्हापूर साडेपाचशे मीटर उंचीवर असल्याने तेथे तो सुमारे २८ इंच, म्हणून आत उरतात अवघे २. काट्यावरचा आकडा तोच, परंतु भांड्यातील खरा दाब निम्मा. साधे पाणी पहिल्या ठिकाणी सुमारे ५२ अंश सेल्सिअसवर उकळेल, तर दुसऱ्या ठिकाणी सुमारे ३८ अंशांवर. उत्कलनबिंदू निरपेक्ष दाबावर अवलंबून असल्यामुळे, ज्याच्या पडद्यामागे निर्वात कायमचा कोंडलेला आहे असा निरपेक्ष दाबाचा संवेदकच येथे हवा. बॉयलरची गोष्ट उलट आहे. तेथे पत्र्यावरचा ताण आतील व बाहेरील दाबांच्या फरकाने पडतो, म्हणून सापेक्ष दाबाचा संवेदक योग्य; मात्र त्याला बाहेरच्या हवेशी जोडणारे बारीक छिद्र असते, आणि दुरुस्तीच्या उत्साहात रंगाऱ्याचा कुंचला त्यावरून फिरला, की ते उपकरण हवेचा संदर्भच हरवून बसते.

भांडार खात्याचा आग्रह असा, की सर्वत्र ० ते १० बारचा एकच नमुना ठेवावा, म्हणजे सुट्या मालाचा साठा कमी लागेल. हिशेबाच्या दृष्टीने मसलत वाईट नाही, परंतु ०.२५ टक्के ही अचूकता बहुधा पूर्ण पल्ल्यावर सांगितलेली असते, त्यामुळे अशा उपकरणात २५ मिलिबारची चूक क्षम्य ठरते, आणि पॅनमध्ये एकूण दाबच शंभर मिलिबारच्या आसपास!

जातीचा विचार यानंतरचा. मिलच्या वरच्या रोलरवरील हायड्रॉलिक तेलाचा दाब शे-दोनशे बार, शिवाय उसाच्या कमी-जास्त थराबरोबर बसणारे हादरे. तेथे वेल्ड केलेल्या पोलादी पडद्यावरचा पातळ धातूचा स्ट्रेन गेज टिकतो. पॅनसाठी सिरॅमिक कपॅसिटिव्ह संवेदक मला अधिक पटतो, कारण त्यात तेल भरलेले नसते आणि अतिदाब तो सहसा निमूटपणे सोसतो. मात्र गरम वाफेने धुतल्यावर लगेच थंड पाणी सोडण्याची सवय असेल, तर त्याच्या ठिसूळपणाचा आणि रबरी रिंगेचा आधी विचार व्हावा. स्वच्छ पाणी व हवा यांना सिलिकॉनचा संवेदक पुरेसा आहे. पिझोइलेक्ट्रिक मात्र या कामाचा नव्हे: स्फटिकावर उमटलेला विद्युत्भार हळूहळू झिरपून जात असल्याने स्थिर दाब त्याला सांगताच येत नाही, मग माहितीपत्रक कितीही मोहक असो.

वाफेची नळी थेट संवेदकाला जोडणे हा निव्वळ अविचार होय. मध्ये वळसा घातलेली सायफन नळी असली, की तिच्यात साचलेले पाणीच पडद्याला भिडते आणि वाफ दूर राहते. संवेदक वाफनळीच्या पाच मीटर खाली बसविला, तर उभ्या नळीतील पाण्याचा सुमारे अर्धा बार वाचनात मिसळतो. तो वजा करावयाचे राहून गेले, तर त्याचा बोल उत्पादकाला लावता येणार नाही.

राहिला तो युजेन बूर्दाँचा गेज, ज्याचे पेटंट पॅरिसमध्ये १८४९ साली निघाले. चपटी, वाकविलेली नळी दाबाने सरळ होऊ पाहते आणि काटा हलवते. त्याला ना वीज लागते, ना तारा. नवे ट्रान्समिटर आले, म्हणून बॉयलरखेरीज इतर ठिकाणचे हे गेज काढून टाकण्याची तजवीज काही कारखान्यांत होते, तिला माझा विरोध आहे. कारण ट्रान्समिटर खोटे बोलू लागला, तर ते ताडण्यासाठी त्याच्या शेजारी दुसरा, वेगळ्या तत्त्वावर चालणारा साक्षीदार उभा असावा लागतो, आणि इतक्या अल्प वेतनावर दुसरा कोणी मिळणार नाही.