अभ्यासाच्या सवयी आणि विश्रांतीचा हक्क

अमेरिकेत शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देण्याचे काम मोठ्या प्रमाणावर खास शिक्षण घेतलेल्या परिचारिका करतात. या शिक्षणासाठी अतिदक्षता विभागातील किमान एका वर्षाचा अनुभव लागतो. २०२२ पासून नव्या विद्यार्थ्यांना किमान तीन वर्षांचा डॉक्टरेटचा अभ्यासक्रम बंधनकारक आहे. पगाराची नोकरी सोडून, बहुधा कर्ज काढून, तो पुरा करावा लागतो.

या विद्यार्थ्यांना चांगल्या सवयींचा उपदेश सतत केला जातो, आणि तो चुकीचा नाही. पुस्तक मिटून स्वतःलाच प्रश्न विचारावेत, काही दिवसांच्या अंतराने उजळणी करावी, उद्याच्या रुग्णाच्या आजाराविषयी आजच वाचावे. आठवून पाहिलेला मजकूर नुसत्या वाचलेल्यापेक्षा आठवड्यानंतर अधिक लक्षात राहतो, हे रोएडिगर व कार्पिक यांनी २००६ मध्ये प्रयोगाने दाखवले.

परंतु सवयीला वेळ लागतो. तो कोणाच्या हाती आहे? वर्ग आणि रुग्णालय मिळून आठवड्याला सरासरी ६४ तास, ही मान्यता देणाऱ्या परिषदेनेच घातलेली मर्यादा आहे. म्हणजे सहा दिवस धरले तरी रोज दहा तासांहून अधिक! घरचा अभ्यास त्याबाहेरच. आठ तासांच्या दिवसासाठी १८८६ मध्ये शिकागोचे कामगार ज्या देशात लढले, त्याच देशातली ही गोष्ट आहे.

झोपेवाचून स्मरण पक्के होत नाही, आणि पेंगुळलेल्या हातांची किंमत बेशुद्ध रुग्ण मोजतो. म्हणून विद्यावेतन हवे, आणि घरचा अभ्यासही कामाच्या तासांत धरला पाहिजे. नापास झालेल्यास आळशी ठरविण्यापूर्वी त्याच्या दिवसाचा हिशेब मांडावा.