घरोघरी विज्ञान : भिंतीपलीकडचा आवाज



एके काळी मायदेशाहून आलेले हवाई पत्र आपल्या घरांत महिनाभर उशाशी जपून ठेवले जाई. आज ठाण्याच्या किंवा अश्दोदच्या नातलगाचे मुख क्षणार्धात पडद्यावर दिसते. मात्र ही सारी सोय घरातील एका लहानशा पेटीवर, म्हणजेच राउटरवर, अवलंबून असते.

प्रस्तुत लेखकाच्या वृद्ध मातोश्री वरच्या मजल्यावरील मागील खोलीत राहतात. दर रविवारी सायंकाळी त्या अश्दोदच्या मावशींशी बोलतात. गेल्या हिवाळ्यात हे संभाषण वारंवार तुटू लागले. मावशींचे ओठ हलत, पण शब्द ऐकू येत नसत. पुढे पुढे आईंस वाटू लागले, की बहीणच आता बोलावयास कंटाळली आहे. आम्ही कंपनीस दोष देत राहिलो. अखेर राउटरला थेट तार जोडून वेग मोजला, तो पुरेपूर भरला. दोष आमच्याच घरात होता.

इंग्लंडातील जुन्या घरांच्या भिंती जाड विटांच्या, त्यांत मध्ये धुरांडे. टेलिफोनची तार येते पुढील दारापाशी, म्हणून राउटरही तेथेच, आमच्याकडे तर जोड्यांच्या कपाटामागे! राउटरच्या लहरी मुख्यतः दोन प्रकारच्या. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंती बऱ्यापैकी ओलांडते, परंतु शेजाऱ्यांच्या राउटरांची व मायक्रोवेव्ह शेगडीची तिच्यात गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान, पण भिंतीपुढे लवकर थकते. सबब पहिला उपाय बिनखर्चाचा : राउटर घराच्या मध्याजवळ, उघड्यावर व उंच ठेवावा; मोठा आरसा, धातूचे कपाट व माशांची काचपेटी यांपासून दूर.

एवढ्याने न भागल्यास नवा राउटर घ्यावा काय? वाय-फाय ६ पद्धतीचा राउटर एकाच वेळी अनेक यंत्रांना अधिक चांगल्या रीतीने सांभाळतो, हे खरे. तथापि चार-सहा शिंगे असलेला महागडा राउटर मोठ्याने ओरडतो, हा भ्रम होय. प्रक्षेपणशक्तीची कमाल मर्यादा कायद्याने ठरलेली आहे. ऑफकॉमने २०२० साली ६ गिगाहर्ट्झचा काही पट्टाही खुला केला, परंतु ती लहर भिंतीपुढे आणखीच दुबळी ठरते.

आम्ही प्रथम स्वस्तातला रिपीटर आणला. तो एकाच वाहिनीवर ऐकून पुन्हा तेच सांगतो, म्हणून वेग जवळजवळ निम्मा होतो. अखेरीस ‘मेश’ पद्धतीच्या दोन पेट्या घेतल्या. एक खाली, दुसरी जिन्याच्या वरच्या टोकाशी. आणि दोहोंमध्ये गालिच्याच्या कडेने तार ओढली. तारेने जोडलेल्या मेशला भिंतीची तमा नसते.

येथे एक गंभीर सूचना. या देशातील जुनी तांब्याच्या तारेवरील दूरध्वनी-सेवा जानेवारी २०२७ पर्यंत बंद करण्याचे ठरले आहे. त्यानंतर घरचा टेलिफोन बहुधा राउटरलाच जोडला जाईल. पुष्कळ कंपन्यांचा टेलिफोन केवळ त्यांच्याच राउटरवर चालतो. तेव्हा नवी पेटी आली म्हणून जुनी काढून टाकू नये. आधी कंपनीस विचारावे. दुसरे असे, की वीज गेली म्हणजे राउटर बंद, आणि त्यासोबत टेलिफोनही. वृद्धांच्या गळ्यातील आणीबाणीची कळ अशा वेळी मुकी होऊ शकते. तशा गंभीर घटना घडल्यामुळे डिसेंबर २०२३ मध्ये सक्तीचे बदल थांबविण्यात आले होते. ज्यांचा केवळ घरच्या टेलिफोनवर भरवसा आहे, त्यांना वीज गेल्यावरही निदान एक तास ९९९ ला बोलता येईल अशी सोय कंपनीने करून द्यावयाची असते. परंतु आपली गरज आपणच कळवावी लागते. घरात अशी कळ असल्यास कंपनीस आणि कळ पुरविणाऱ्या संस्थेस, दोघांसही कळवावे, आणि बदल झाल्यावर ती दाबून पाहावी. आपल्या अनेक वडीलधाऱ्यांना इंग्रजीत फोनवर हुज्जत घालणे जड जाते. हे काम मुलांनी व सुनांनी अंगावर घ्यावे.

असो. गेल्या रविवारी दोघी बहिणी तासभर बोलल्या. आता आईंची तक्रार एवढीच, की मावशी फार वेळ बोलते!