सरासरीच्या आड दडलेला उशीर

प्रोसेसर आता इतके वेगवान झालेत की ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नलमध्ये एखाद्या कामाला पाळी येईपर्यंत किती थांबावं लागतं याची चिंता हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, असं एका अनुभवी गृहस्थांनी परवा ठणकावून सांगितलं. म्हणणं एवढंच: सरासरी प्रतीक्षा काही मायक्रोसेकंदांची असते, कमी पडलं तर कोअर वाढवा, आणि पाळ्या लावणाऱ्या शेड्युलरला फार छेडलं तर एकूण काम घटतं. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या, याचा मला जास्त राग आला.

ध्वनिमुद्रण घ्या. सेकंदाला ४८,००० नमुने आणि ६४ नमुन्यांचा बफर, म्हणजे प्रत्येक पाळीला जेमतेम १.३३ मिलिसेकंद. मिनिटाला अशा ४५,००० पाळ्या. त्यातल्या एकीलाच ५ मिलिसेकंद उशीर झाला, तर सरासरी ०.११ मायक्रोसेकंदाने वाढते, म्हणजे वाढलेली कळतही नाही. पण मुद्रणात खटका उमटतो आणि गायिकेला ती ओळ पुन्हा गावी लागते. चुकलेली वेळ सरासरीतून शोधणाऱ्याने हा खटका कधी ऐकलेलाच नसतो.

रत्नागिरीत तरी हे समजावावं लागू नये. एकेरी मार्गावर मालगाडी ब्लॉक सेक्शनमध्ये शिरली की ती बाहेर पडेपर्यंत राजधानीलाही स्टेशनात उभं राहावं लागतं; तिचा मान मोठा असून उपयोग नाही. म्हणूनच कोकण रेल्वेने कडवई, वेरवली अशी नवी क्रॉसिंग स्टेशनं मधे घातली. कर्नलमधला मधेच न थांबवता येणारा कोड हाच तो ब्लॉक सेक्शन. तो लांब असेल तर सर्वांत वरच्या प्राधान्याचं कामही ताटकळतं. लॉकचंही तसंच: १९९७ साली मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडरवर हवामानाची माहिती गोळा करणाऱ्या कमी प्राधान्याच्या कामाने लॉक धरला, मधल्या प्राधान्याच्या कामांनी त्यालाच अडवून ठेवलं, वरचं काम खोळंबलं आणि संगणक पुन्हापुन्हा रिसेट होत राहिला. जास्त वेगवान प्रोसेसर पाठवून नव्हे, लॉक धरणाऱ्याला तात्पुरतं वरचं प्राधान्य देऊन तो प्रश्न सुटला.

कोअर वाढवले तरी लॉक एकच असेल तर सगळे त्याच्यासाठीच थांबतात. एकूण काम थोडं घटतं हे खरं, आणि वेळ पाळण्याची ती किंमत मी आनंदाने मोजेन.

हा वाद जुनाच. २००७ साली लिनक्सचा शेड्युलर बदलला तेव्हाही एका बाजूला सर्व्हरचे आकडे होते, दुसऱ्या बाजूला माउस अडखळतो म्हणणारे लोक. आणि त्या अडखळण्याचा आकडा नाही म्हणून त्यांना गप्प बसवलं जात होतं. २०२३ साली ६.६ आवृत्तीत आलेला शेड्युलर प्रत्येक कामाची मुदत बघूनच पाळी लावतो. म्हणजे तक्रार खोटी नव्हती.

मग करायचं काय? लिनक्सला वेळ पाळायला लावण्याचं, म्हणजे रिअल-टाइमचं काम वीसेक वर्षं वेगळ्या पॅचमध्ये राहून २०२४ साली ६.१२ आवृत्तीत मूळ कर्नलमध्ये आलं आहे. त्यात बहुतेक स्पिनलॉक झोपू शकणारे होतात, प्राधान्य वारशाने मिळतं, इंटरप्टची कामं थ्रेडमध्ये जातात. ज्या यंत्राला वेळ पाळायची आहे तिथे तो पर्याय निवडावा, डिस्क आणि नेटवर्कवर भार टाकून उशीर मोजणारी सायक्लिकटेस्ट रात्रभर चालवावी, आणि सकाळी फक्त सर्वांत मोठा आकडा वाचावा.