पर्यावरणाचा वकील तालुक्यात हवा, आणि त्याला मानधनही हवे



बारावीचे निकाल लागले की वर्तमानपत्रांतून विधी शाखेतल्या संधींवर लेख येऊ लागतात. कॉर्पोरेट कायदा, न्यायिक सेवा, सायबर कायदा यांची माहिती भरभरून असते. पर्यावरण कायद्याच्या वाट्याला एखादा परिच्छेद येतो आणि त्यातही दिल्ली-पुण्याच्याच संस्थांचा उल्लेख असतो. बुलडाणा जिल्ह्यात राहून, इथल्या नद्या, नाले आणि जंगलांसाठी एखाद्या स्वयंसेवी संस्थेच्या वतीने वकिली सुरू करता येईल का, याकडे मात्र कोणी वळत नाही. मी खामगावला वकिली करतो. अशा वकिलांची जिल्ह्याला गरज आहे आणि हे काम करू इच्छिणारी मुले-मुलीही आहेत. पहिली तीन वर्षे त्यांचे पोट कसे चालेल याची काळजी आपण घेत नाही, म्हणून ती या कामात टिकत नाहीत.

न्यायालयात गेल्याने काय साधते हे पाहायला आपल्याला लांब जावे लागत नाही. लोणार सरोवरासाठी 2009 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका दाखल झाली. सरोवरात जाणारे गावाचे सांडपाणी, परिसरातली अतिक्रमणे, निरनिराळ्या सरकारी खात्यांचे एकमेकांकडे बोट दाखवणे, हे सगळे त्या याचिकेमुळे न्यायालयासमोर आले. जून 2020 मध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा तज्ज्ञ संस्थांकडून तपासणी झाली आणि खारे पाणी मानवणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आल्याचे कळले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरोवराला रामसर दर्जा मिळाला. सगळे श्रेय याचिकेला द्यावे असे मी म्हणत नाही. पण दर तारखेला अधिकाऱ्यांना शपथपत्रावर उत्तर द्यावे लागले, ते याचिका होती म्हणूनच.

लोणारला जगात नाव आहे. पूर्णेच्या पात्रातून रात्री उपसल्या जाणाऱ्या रेतीला, खारपाणपट्ट्यातल्या एखाद्या विहिरीला किंवा गावाच्या गायरानातून वाहणाऱ्या नाल्याला कसले नाव? तिथे वकील लागतो, आणि तो जवळचा लागतो.

का, ते सांगतो. आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला रिट याचिकेसाठी नागपूर गाठावे लागते. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रादेशिक कार्यालय अमरावतीला आहे आणि राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्याला. न्यायाधिकरणाच्या कायद्याच्या कलम 14 प्रमाणे तक्रारीचे कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. फार तर आणखी 60 दिवसांची सवलत मिळते. संग्रामपूर तालुक्यातला शेतकरी आधी ग्रामपंचायतीत जातो, मग तहसीलला निवेदन देतो, मग लोकशाही दिनाला जातो. त्या पोचपावत्या गोळा करता करता मुदत निघून जाते. नुकसानभरपाई मागायची नसेल तर अर्जाची फी अवघी 1000 रुपये आहे, आणि ऑनलाइन दाखल करून दूरदृश्य प्रणालीने बाजूही मांडता येते. म्हणजे पुण्याचे पीठ आता खामगावच्या टेबलावरून गाठता येते. तरी अर्ज होत नाहीत, कारण मुदतीची आठवण करून देणारा माणूस गावाजवळ नाही.

दुसरी अडचण पुराव्याची. नाल्याचे पाणी काळे पडले, ढोरे पाण्याला तोंड लावीनात, की गावकरी बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीत ते पाणी भरून माझ्याकडे आणतात. त्यांचा संताप खरा असतो, पण कारखान्याच्या सांडपाण्याविरुद्ध ती बाटली फारशी उपयोगाची नसते. जल प्रदूषण कायद्याच्या कलम 21 मध्ये मंडळाने नमुना कसा घ्यायचा हे सांगितले आहे: कारखानदाराला तिथल्या तिथे नोटीस, डबा सीलबंद, त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या. ही पद्धत पाळली नाही तर त्या तपासणीचा अहवाल पुरावा म्हणून टिकत नाही. म्हणून मंडळाचा माणूस नमुना घेतो त्या दिवशी गावाच्या बाजूने कायदा जाणणारे कोणी तरी नाल्यावर उभे असले पाहिजे. रेतीचेही तसेच. महसूल संहितेच्या कलम 48 खाली बाजारभावाच्या पाचपट दंड लावता येतो, टिप्पर जप्त करता येतो. पण पंचनाम्यात खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली नसते, गट नंबर चुकलेला असतो, आणि अपिलात दंड उडतो. हे काम मोठ्या शहरातल्या नामांकित वकिलाला फोनवरून जमणार नाही. त्यासाठी सातबारा वाचता येणारा, तलाठ्याला नावाने ओळखणारा आणि सकाळी सहाला घाटावर पोहोचणारा तरुण वकील हवा.

आता पैशाचे बोलू, कारण हा विषय निघाला की सगळे सेवाभावावर येतात. भारतीय विधिज्ञ परिषदेने ऑक्टोबर 2024 मध्ये ज्युनिअर वकिलांना शहरात दरमहा किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये द्यावेत असे सुचवले. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. तालुक्याच्या बार रूममध्ये जाऊन कोणत्याही ज्युनिअरला विचारा, हातात किती पडतात ते. तिथेच ही स्थिती, तर गरीब पक्षकारांसाठी झगडणाऱ्या संस्थेच्या वकिलाने काय खावे? शिवाय परिषदेच्या नियम 49 प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरीत राहून वकिली करता येत नाही. त्यामुळे संस्थेला वकील नोकर म्हणून ठेवता येत नाही, रिटेनर किंवा मानधन ठरवून द्यावे लागते. सनद घेऊन या कामात उतरणाऱ्याने हे पहिल्या दिवशीच लेखी ठरवून घ्यावे.

परदेशी देणग्यांवर भिस्त ठेवण्यातही अर्थ नाही. परकीय देणग्यांच्या कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीने परकीय निधीतून प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आली, आणि असा निधी एका संस्थेने दुसरीला देणे बंद झाले. छोट्या संस्थांची वाट त्यातच अडली. मग पैसा इथूनच उभा राहिला पाहिजे. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी पर्यावरणासाठी खर्च करता येतो. पावसाळा आला की त्यातून रोपे लावली जातात, फोटो निघतात. ती रोपे लावलेल्या गायरानावर अतिक्रमण झाले तर कोर्टात उभे राहायला कोणी नसते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

सिनिअर मंडळी नव्या मुलांना सांगतात, आधी दहा वर्षे दिवाणी-फौजदारी करा, घर बांधा, मग समाजकार्य करा. सल्ला मायेचा आहे, पण दहा वर्षांत माणूस ज्यांची वकीलपत्रे घेतो त्यांचा होऊन जातो. ज्याने रेतीच्या ठेकेदारांचे जामीन केले तो पुढे त्यांच्याच विरुद्ध उभा राहील ही आशा मला नाही. आणखी एक आक्षेप असतो, असे वकील विकास अडवतात. जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रातल्या माणसाला विचारा. पुनर्वसनाची अट कागदावर कुठे आहे आणि ती पाळली गेली का, हे विचारणारा वकील त्याला नको आहे का?

लहान गावातूनही हे काम उभे राहते. गोव्यात गोवा फाउंडेशन 1986 पासून म्हापशात काम करते आहे. म्हापसा काही खामगावपेक्षा मोठे नाही. ॲड. नॉर्मा अल्वारिस यांनी तिथून न्यायालयीन लढे दिले. याच संस्थेच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये गोव्यातल्या खाणपट्ट्यांची मुदत 2007 मध्येच संपल्याचे ठरवले आणि 2018 मध्ये नूतनीकरण केलेले 88 पट्टे रद्द केले.

आपल्याकडे सुरुवात लहान असली तरी चालेल. फौजदारी बचावासाठी विधी सेवा प्राधिकरणाने 2022 पासून पूर्णवेळ मानधनावर वकील नेमण्याची योजना आणली आहे. त्याच धर्तीवर पर्यावरणाच्या तक्रारींसाठी प्रत्येक जिल्ह्यात एक वकील नेमता येईल; जिल्हा वकील संघाने तशी मागणी ठरावाने करावी. ती मान्य होईपर्यंत जिल्ह्यातल्या उद्योजकांनी, डॉक्टरांनी आणि बाहेरगावी स्थिरावलेल्या बुलडाणेकरांनी मिळून दोन तरुण वकिलांचे तीन वर्षांचे मानधन उभे करावे, विधिज्ञ परिषदेच्या ग्रामीण दराने. दोघांचे मिळून वर्षाला 3,60,000 रुपये होतात. त्यातल्या एकाचा अर्धा वाटा मी देईन, आणि माझ्या कार्यालयातले टेबल, पुस्तके व झेरॉक्स मशीन दोघांनाही वापरायला मोकळे आहे. उरलेला वाटा उचलायला तयार असलेल्यांनी आपल्या वर्तमानपत्रामार्फत कळवावे.

— एक वकील, खामगाव