दोष माशाचा की पेटीचा?

हल्ली पुष्कळ घरांतून काचेच्या पेटीत रंगीत मासे पाळलेले दिसतात. त्यांचे संथ विहरणे पाहून शिणलेले मन विसावते, यात शंका नाही. परंतु कालपर्यंत गुण्यागोविंदाने नांदणारा एखादा मासा अकस्मात सोबत्यांवर धावून जातो, त्यांचे पर कुरतडतो, त्यांना कोपऱ्यात डांबून ठेवतो. मग घरात निवाडा होतो की, 'हा मासा दुष्ट निघाला!' शिक्षाही लगेच ठरते. त्याला तळ्यात नाही तर विहिरीत सोडून द्यावयाचे! हा निवाडा आणि ही शिक्षा, दोन्हीही अन्यायाची आहेत असे मला वाटते.

माशाचा राग आपल्याला अकस्मात वाटतो, कारण त्याचे कारण आपल्या ध्यानी आलेले नसते. निको टिनबर्गन या शास्त्रज्ञाने हॉलंडमधील लायडन येथे स्टिकलबॅक नावाच्या लहान माशांचा अभ्यास केला. विणीच्या हंगामात या जातीच्या नराचे पोट लाल होते. हुबेहूब माशासारखी, पण लाल रंग नसलेली प्रतिकृती पाण्यात सोडली, तर नर तिच्याकडे फारसे लक्ष देत नसे. उलट ओबडधोबड गोळ्याचा खालचा भाग लाल रंगवला की तो त्यावर तुटून पडे. खिडकीवरून टपालाची लाल गाडी गेली, तरी हे मासे तिच्या रोखाने धाव घेत! टिनबर्गन यांना 1973 साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. माशाचा हल्ला हा दुष्टपणा नसून आपल्या जागेच्या रक्षणाचा उपजत धर्म आहे, हेच त्यांच्या प्रयोगांतून दिसते.

आपल्या घरचे एंजल मासे घ्या. लहानपणी ते थव्याने राहतात. वयात आले म्हणजे त्यांतील एक जोडी पेटीचा कोपरा बळकावते, पानावर वा काचेवर अंडी घालते आणि जवळ येणाऱ्या प्रत्येकाला पिटाळून लावते. गोव्याच्या खाड्यांतील कालुंदर याच कुळातला. त्याचे नरमादीही अंड्यांची व पिलांची अशीच राखण करतात. खाडीत जे वात्सल्य, ते पेटीत दांडगाई कसे ठरावे?

खरा भेद येथेच आहे. वाहत्या पाण्यात हरलेला मासा पळून जातो आणि भांडण तेथेच मिटते. पेटीत त्याला पळावयास वाट नसते. ती वाट काचेच्या चार भिंतींनी आपणच बंद केलेली असते. म्हणून उत्तरदायित्वही आपलेच.

तेव्हा प्रथम पेटी तपासावी. मासे दाटीने कोंबले आहेत काय? लपावयास दगड, वनस्पती आहेत काय? पाणी दूषित वा फार गरम झाले आहे काय? काचेत स्वतःचे प्रतिबिंब पाहून तर तो चवताळत नाही ना? जखमी माशाला तत्काळ वेगळे ठेवावे. सगळे पाणी एकदम न बदलता सुमारे चौथा हिस्सा बदलावा. दांडग्या माशाला काही दिवस दुसऱ्या भांड्यात ठेवून दगड व वनस्पतींची मांडणी पालटावी. तो परतेल तेव्हा त्याचा जुना मुलूख उरलेला नसतो. अंडी घातली असतील, तर मध्ये काचेचा पडदा घालावा. फायटर माशाचे दोन नर तर एकत्र ठेवूच नयेत. एवढे करूनही जमले नाही, तर त्याला वेगळी पेटी द्यावी किंवा दुकानदाराकडे परत करावे.

तळ्यात मात्र कदापि सोडू नये. दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठी आणलेला सकरमाउथ मासा अशाच सोडून देण्याने भारतातील अनेक नद्या-तळ्यांत पसरला आहे. त्याच्या काटेरी अंगाने कोळ्यांची जाळी फाटतात. आपल्या घरची अडचण अशा रीतीने दुसऱ्याच्या पोटावर जाते.

मुक्या जीवाला घरी आणताना आपण त्याची संमती विचारलेली नसते. निदान त्याच्यावर दोषारोप करण्यापूर्वी त्याला दिलेले घर आपण एकवार नीट पाहावे, एवढीच वाचकांना विनंती आहे.